मदतनीस अर्धी कशी? अंगणवाडीतल्या दुसऱ्या बाईचा हिशेब

महाराष्ट्रात तिला मदतनीस म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कन्नड कागदावर ती 'सहायकी' असते. इंदूर-ग्वाल्हेरला 'सहायिका', हैदराबादेत बहुतेकांच्या तोंडी 'आया', आणि वडोदऱ्यात 'तेडागर', म्हणजे पोरांना घरोघरी जाऊन बोलावून, वेळेला कडेवर घेऊन आणणारी. राज्य बदललं की नाव बदलतं. काम मात्र तेच राहतं आणि मानधनाच्या यादीतली जागाही तीच राहते: सेविकेच्या खालची ओळ, रक्कम साधारण निम्मी.

ही निम्मी रक्कम कुठून आली, याचा विचार फारसा कुणी करत नाही. अंगणवाडीच्या आंदोलनात मागणी सेविकेच्या नावानं होते, घोषणा सेविकेच्या आकड्याची होते आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत 'मदतनिसांनाही वाढ' असं येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं दिलेल्या निकालामुळे या शेवटच्या ओळीकडे नीट बघण्याची वेळ आली आहे. खंडपीठानं अंगणवाडी सेविकेसाठी महिना २४,८०० रुपये आणि मदतनीससाठी २०,३०० रुपये किमान वेतन ठरवलं. तोवर गुजरातमध्ये सेविकेला १०,००० आणि मदतनीसला ५,५०० रुपये मानधन होतं.

रक्कम मोठी आहे, म्हणून चर्चा रकमेचीच झाली. पण त्या दोन आकड्यांमधलं अंतर जास्त बोलकं आहे.

टक्केवारीचं गणित

केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० आणि मदतनीसचं १,५०० वरून २,२५० रुपये केलं. म्हणजे मदतनीस सेविकेच्या बरोबर ५० टक्के. राज्यं त्यावर आपापली भर घालतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ च्या वाढीनंतर सेविकेला १३,००० आणि मदतनीसला ७,५०० रुपये, प्रोत्साहन भत्ता वेगळा. हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास येतं. तेलंगणात २०२१ च्या वाढीनंतर सेविका १३,६५० आणि मदतनीस ७,८००, म्हणजे ५७ टक्के. गुजरातचं जुनं प्रमाण ५५ टक्के.

आणि गुजरात उच्च न्यायालयाचं? २४,८०० ला २०,३००, म्हणजे जवळपास ८२ टक्के.

सरकारं मदतनीसला अर्ध्याच्या थोडी वर मोजतात, न्यायालय तिला चार-पंचमांश मोजतं. यामागचं कारण सरळ आहे. मानधन ठरवताना सरकार 'हिला किती दिलं म्हणजे चालेल' असं बघतं. किमान वेतन ठरवताना प्रश्न वेगळा असतो: दिवसभर काम करणाऱ्या माणसाला जगायला किमान किती लागतं? त्या प्रश्नाला उत्तर दिलं की पद खालचं असलं तरी रक्कम निम्मी होत नाही, कारण तेल-तांदूळ कुणालाच निम्म्या भावात मिळत नाही.

हा निकाल गुजरातपुरता आहे. कर्नाटक, मध्य प्रदेश, गोवा किंवा महाराष्ट्रात तो आपोआप लागू होत नाही. पण दोन पदांमधलं अंतर किती असावं, हा प्रश्न त्यानं कागदावर आणला आहे, आणि तो प्रत्येक राज्यातल्या संघटनांना विचारता येईल. कर्नाटकाच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सेविकांना १,००० आणि मदतनिसांना ७५० रुपये वाढ जाहीर झाली. वाढीचं हे प्रमाण ७५ टक्के आहे, मूळ मानधनाच्या प्रमाणापेक्षा बरं. प्रत्येक वाढ अशीच झाली तर अंतर हळूहळू कमी होईल. मात्र हे धोरण म्हणून ठरलं आहे, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

काम खरंच निम्मं आहे का?

कागदावर मदतनीसचं काम ठरलेलं आहे: मुलांना आणणं, खोली झाडणं, पाणी भरणं, आहार शिजवणं, वाढणं, भांडी घासणं. शिकवणं सेविकेकडे. ही वाटणी १९७५ सालची. त्या वर्षी २ ऑक्टोबरला देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा सेविकेकडे एक वही आणि एक वजनकाटा होता. आता परिस्थिती वेगळी आहे.

मार्च २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. हजेरी, वजन, उंची, आहार, गृहभेटी असं सगळं मोबाईलवर भरायचं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या शिध्यासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखून नोंद करणं सक्तीचं झालं. नेटवर्क नसेल, आधारवरचा फोटो जुना असेल, तर एका बाईच्या नोंदीत अर्धा तास जातो. शिवाय सर्वेक्षणं, लसीकरणाचे दिवस, प्रकल्प कार्यालयातल्या बैठका. अनेक ठिकाणी सेविका मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओही असतात. नोव्हेंबर २०२५ पासून गोवा, गुजरात आणि मध्य प्रदेशात मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा याद्यांचं काम किती वाढतं हे तिथल्या सेविकांना कळलं.

या सगळ्या वेळात तीन ते सहा वर्षांच्या पोरांपुढे कोण असतं? मदतनीस. गाणी तीच म्हणवून घेते, पाटीवर रेघोट्या तीच काढून घेते, रडणाऱ्याला तीच गप्प करते. सेविका बैठकीला गेली, आजारी पडली किंवा बाळंतपणाच्या रजेवर गेली तर अंगणवाडी तिच्यावरच चालते. म्हणजे चूल आणि फळा दोन्ही तिच्याकडे. फळ्याची नोंद मात्र कुठंच नाही.

सेविकेची जबाबदारी जास्त आहे, हे खरंच. नोंदवह्या, हिशेब, साठा, तपासणीला उत्तर देणं हे तिच्या माथी असतं. साठ्यात दोन किलो डाळ कमी भरली तर नोटीस तिला येते. त्यामुळे मानधनात फरक असायला हरकत नाही. प्रश्न निम्म्याचा आहे. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयानं सेविका आणि मदतनीस दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण ही अट केली. पूर्वी मदतनीसला सातवी पुरायची. आता शिक्षणाची अट सारखी आणि स्थानिक रहिवासी असण्याची अटही सारखी. पात्रता पूर्ण मागायची आणि मोबदला अर्धा द्यायचा, हा हिशेब कुठल्याच दुकानात चालणार नाही.

कन्नड गावातली कमळाबाई, मराठी गावातली कमलम्मा

नावं उदाहरणादाखल आहेत, पण प्रश्न सीमाभागातल्या घरोघरचा आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या, बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औरादच्या, कारवार-जोयडाकडच्या कितीतरी गावांत मूल घरी मराठी किंवा कोकणी बोलतं आणि तीन वर्षांचं झालं की कन्नड कागदपत्रांच्या अंगणवाडीत जातं. सेविका मराठी असली तर अडत नाही. नसली तर मुलाला 'तहान लागली', 'पोट दुखतंय' हे सांगायला त्या खोलीत एकच माणूस उरतो, गल्लीतली मदतनीस.

सीमेच्या अलीकडेही हेच, फक्त उलटं. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत घरी कन्नड बोलणारी मुलं मराठी अंगणवाडीत येतात. तिथली कन्नड बोलणारी मदतनीस नसेल तर पहिले सहा महिने ते पोर नुसतं बसून राहतं. त्यामुळे हा मराठी विरुद्ध कन्नड असा विषय नाही. हा लहान मुलाचा विषय आहे, आणि दोन्ही बाजूंना तो एकाच बाईच्या खांद्यावर टाकलेला आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा माध्यम असावी असं म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही घरच्या भाषेवरच भर आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी द्याव्यात, असं राज्यघटनेचं कलम ३५० अ १९५६ पासून सांगतं. पण ही तरतूद अंगणवाडीत उतरवणारं माणूस कोण, हे कुठल्याच कागदात नाही. प्रत्यक्षात ते काम मदतनीस करते. ती दुभाषी आहे, आणि दुभाष्याला सरकारी दफ्तरात इतर ठिकाणी मोल मिळतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये चिक्कमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरेत अंगणवाडी भरतीत उर्दूची अट दिसली आणि राज्यभर वाद पेटला. त्या वादात राजकारण भरपूर झालं. मुलाला कळणारी भाषा बोलणारी बाई खोलीत असावी की नाही, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. कर्नाटकाच्या महिला व बालकल्याण मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर बेळगाव ग्रामीणच्या आमदार आहेत. त्यांच्या मतदारसंघात मराठी बोलणारी गावं थोडीथोडकी नाहीत. राज्याची भाषा सेविकेला आलीच पाहिजे, यावर वाद घालायचं कारण नाही. पण दोनपैकी एका बाईला तरी मुलाच्या घरची भाषा येते ना, एवढी खातरजमा भरतीच्या वेळी झाली तर कुणाचंच काही जात नाही.

प्रशिक्षणाची पत्रिका तिला येत नाही

शैक्षणिक धोरणात अंगणवाडीसाठी प्रशिक्षणाची स्पष्ट योजना आहे. बारावी किंवा त्याहून जास्त शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका. कागदावर सगळं 'सेविका/शिक्षिका' यांच्यासाठी. मदतनीसचा उल्लेख नाही.

मे २०२३ मध्ये केंद्रानं 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला. रोज निदान दोन तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावं हा त्याचा उद्देश. मार्च २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' आणि त्याआधीच्या वयासाठी 'नवचेतना' ही अभ्यासक्रमाची पुस्तकं आली. प्रशिक्षणाचा सगळा रोख पुन्हा सेविकेवर. जुन्या रचनेतही सेविकेचं प्रशिक्षण महिन्याभराच्या आसपास आणि मदतनीसचं आठवडाभराचं असायचं, तेही बरंचसं स्वच्छता आणि आहाराबद्दल.

याचा परिणाम असा होतो. सेविका प्रशिक्षणाहून नवीन पद्धत शिकून येते: मुलांना अक्षरं गिरवायला लावू नका, गोष्ट सांगा, खेळातून मोजायला शिकवा. दुसऱ्या दिवशी ती मोबाईल घेऊन नोंदी करायला बसते. मदतनीस तिला ठाऊक असलेल्या जुन्या पद्धतीनं मुलांकडून 'अ आ इ ई' घोकून घेते. दोष तिचा नाही. वर्गात जी उभी राहते तिला शिकवलंच नाही, तर सरकारचा प्रशिक्षणावरचा खर्च फळ्यापर्यंत पोचतच नाही.

तळागाळातल्या बाईला बालशिक्षण जमत नाही, ही शंका मराठी मुलखात तरी काढायला नको. अंगणवाडी हा शब्दच ताराबाई मोडक यांच्या नावाशी जोडलेला आहे. ताराबाई गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यात आल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी साध्या, हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवण्याची पद्धत तिथं तयार झाली, आणि गावातल्याच बायकांना घडवण्यावर तिथं भर होता. शिकवणारी बाई आणि सांभाळणारी बाई अशी भिंत त्या विचारात नव्हती. ती सरकारी पदरचनेनं घातली.

बढतीचा जिना आणि त्याची निसटलेली पायरी

मदतनीसला वर जायला वाट आहे का? कागदावर आहे, आणि ती चांगली आहे. 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची ५० टक्के पदं पाच वर्षं अनुभव असलेल्या मदतनिसांमधून भरायची आहेत. पर्यवेक्षिकांची ५० टक्के पदंही अशाच रीतीनं सेविकांमधून. म्हणजे मदतनीस म्हणून लागलेली बाई पुढंमागं पर्यवेक्षिका होऊ शकते.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. सेविकापदाला बारावी लागते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लागलेल्या मदतनीस सातवी-आठवी शिकलेल्या. यात विधवा आहेत, नवऱ्यानं टाकलेल्या आहेत, घर एकटीनं ओढणाऱ्या आहेत. गावानं त्यांना त्या कारणानंच हे काम दिलं होतं. पाच काय, पंचवीस वर्षांचा अनुभव असून त्या बढतीच्या यादीत येत नाहीत. त्यांच्या डोक्यावर परवा लागलेली बारावी पास मुलगी पाच वर्षांत सेविका होते. ती मुलगी चुकीची नाही आणि बाईही चुकीची नाही. नियम करताना जुन्यांना वर आणण्याची सोय करायची राहून गेली.

इथंच एक धोकाही आहे. 'मदतनीसला शिक्षिकेचा दर्जा द्या' ही मागणी घाईनं लावून धरली, तर सरकारचं सोपं उत्तर असेल: मग जास्त शिकलेल्या घेतो. त्यात सर्वांत आधी बाहेर पडेल ती हीच कमी शिकलेली, पण मुलांना ओळखणारी बाई. म्हणून दर्जाच्या आधी शिकण्याची सोय हवी. ती अगदीच नाही असं नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएसमधून कोणत्याही राज्यात राहून दहावी करता येते. वयाची वरची अट नाही आणि दहावीला मराठी माध्यमही आहे. बेळगावात राहणाऱ्या, महाराष्ट्रात सातवीपर्यंत शिकून सासरी आलेल्या बाईला ही वाट उघडी आहे. फक्त फॉर्म कुठं भरायचा, फी कोण देणार आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टी मिळणार का, हे तिला कुणी सांगत नाही. प्रकल्प कार्यालयाच्या एका बैठकीत होण्यासारखं हे काम आहे.

सीमाभागात आणखी एक गुंता आहे. चंदगड-गडहिंग्लजची लेक खानापूर-बेळगावला दिली जाते, निपाणीची कागलला येते. माहेरी चार वर्षं मदतनीस असलेली बाई लग्नानंतर सासरच्या राज्यात शून्यापासून सुरू करते. पद स्थानिक आहे, त्यामुळे बदली होत नाही हे समजण्यासारखं आहे. पण योजना केंद्राची आणि ट्रॅकर सगळ्या देशाचा एकच. मुलाचं वजन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मोबाईलवर जातं, मग बाईचा अनुभव का जाऊ नये? नव्या भरतीत त्या अनुभवाला काही गुण देणं एवढंच करायचं आहे.

न्यायालयानं दोनदा दिलेलं उत्तर

'हे मानधन आहे, पगार नाही; ही सेवा आहे, नोकरी नाही,' हा सरकारांचा जुना युक्तिवाद. त्याला बळ मिळालं ते कर्नाटकातूनच. २००६ मध्ये 'कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकेचं पद हे राज्याच्या नागरी सेवेतलं पद नाही असं ठरवलं. त्या निकालाचा दाखला देशभर दिला गेला.

२५ एप्रिल २०२२ ला चित्र बदललं. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी सेविका आणि मदतनीस दोघींनाही १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला. मानधन हे त्या कायद्याच्या दृष्टीनं वेतनच आहे आणि हे काम अर्धवेळ आहे असं म्हणता येणार नाही, अशी भूमिका त्यात आहे. अंगणवाडी आता निव्वळ योजना राहिली नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आणि शिक्षणहक्क कायद्याचं पूर्वप्राथमिक शिक्षणाबद्दलचं कलम ११, या दोन्हींची कामं ती करते, हाही त्यातला महत्त्वाचा मुद्दा. या निकालात मदतनीस शेवटच्या ओळीत नाही. ती सेविकेच्या बरोबरीनं आहे.

याचा पैशातला अर्थ बघावा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या महिन्याच्या वेतनाला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. ३० वर्षं काम केलेल्या मदतनीसचं मानधन ५,५०० असेल तर रक्कम सुमारे ९५ हजार येते. ७,५०० असेल तर सुमारे १ लाख ३० हजार. गुजरातच्या २०,३०० नं मोजलं तर साडेतीन लाखांच्या वर. दरमहाचा 'निम्मा' हिशेब निवृत्तीच्या दिवशीही निम्माच राहतो. ६५ व्या वर्षी रिकाम्या हातानं घरी जायचं नसेल तर पात्र मदतनिसांनी आपली रुजू तारीख, नियुक्तीचा आदेश आणि मानधनाच्या नोंदी आतापासून जपून ठेवलेल्या बऱ्या. अनेकींकडे पहिल्या आदेशाची प्रतच नाही.

गुजरातमध्ये पुढची पायरीही पडली. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी सेविकांना तृतीय आणि मदतनिसांना चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांसारखं वागवण्याचा निर्णय दिला. खंडपीठानं तो जसाच्या तसा ठेवला नाही, पण वर सांगितलेलं किमान वेतन ठरवून दिलं. दर्जा नाकारला, मोबदला मान्य केला, असा हा मधला मार्ग आहे.

शाळेच्या आवारात ती कोण?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या महिला-बालविकास आणि शिक्षण या दोन मंत्रालयांनी मिळून अंगणवाड्या शाळांच्या आवारात आणण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. गोव्यात शैक्षणिक धोरणाचा पायाभूत स्तर २०२३-२४ पासून सुरू झाला आहे. कर्नाटकात सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी सुरू करण्यावरून २०२४ मध्ये अंगणवाडी कर्मचारी रस्त्यावर उतरल्या, कारण मुलं शाळेत गेली तर अंगणवाडीत उरणार कोण, ही भीती खरी होती.

अंगणवाडी शाळेच्या आवारात गेली की मदतनीस पहिल्यांदाच शिक्षकांच्या शेजारी उभी राहते. मग तिचं तिथं स्थान काय? दोन शक्यता आहेत. एक, ती शाळेची बिनपगारी शिपाई होते: मुख्याध्यापकांचा चहा, वर्ग झाडणं, घंटा वाजवणं. दुसरी, शाळेच्या स्वयंपाकघरात आहार शिजतो, तिची चूल सुटते आणि ती दोन तास पूर्णपणे मुलांबरोबर राहते. दुसरी शक्यता प्रत्यक्षात आणायला लेखी आदेश लागतो. पहिलीला काहीच लागत नाही, ती आपोआप होते. शिवाय चूल शाळेत हलवताना तिथल्या आहार शिजवणाऱ्या बाईवर फुकटचा बोजा पडता कामा नये. तिचं केंद्राचं मानधन २००९ पासून महिना १,००० रुपयांवर अडकलेलं आहे.

सीमाभागातल्या मराठी शाळांसाठी हा प्रश्न अस्तित्वाचा आहे. पहिलीचा पट अंगणवाडीतून येतो. आवारातल्या अंगणवाडीत मराठीतून बोलणारी, पालकांना नावानं ओळखणारी बाई असेल तर मूल शेजारच्या वर्गात जातं. नसेल तर ते बसमध्ये बसून शहराकडे जातं. मराठी शाळा वाचवण्याच्या सभांत या बाईचं नाव निघत नाही, आणि ते निघायला हवं.

खर्च किती, आणि काय करता येईल

केंद्राचा मानधनातला वाटा ६० टक्के आहे. मदतनीसच्या २,२५० पैकी केंद्राचे १,३५० रुपये, म्हणजे दिवसाला ४५. ऑक्टोबर २०१८ पासून २०२५ पर्यंत किरकोळ महागाई निर्देशांक ढोबळमानानं ४० टक्के चढला. नुसती ती झीज भरून काढायची तर २,२५० चे सुमारे ३,१५० व्हायला हवेत. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या मंजूर आहेत. १२ लाख मदतनीस धरल्या आणि प्रत्येकीला महिना ९०० वाढवले, तर वर्षाला १,२९६ कोटी लागतील, त्यात केंद्राचा वाटा ७७८ कोटी. 'सक्षम अंगणवाडी' योजनेची २०२५-२६ ची तरतूद २१,९६० कोटींची होती. म्हणजे साडेतीन टक्के. यात वाढ म्हणावी असं काही नाही, २०१८ ची किंमत परत करणं एवढंच आहे.

पैशाशिवाय होण्यासारखी कामंही आहेत. 'पोषण भी, पढाई भी'च्या पुढच्या फेरीत सेविकेबरोबर मदतनीसला बसवावं. कर्नाटकातल्या मराठी गावांसाठी ते प्रशिक्षण मराठीतून व्हावं, महाराष्ट्रातल्या कन्नड गावांसाठी कन्नडमधून. महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांसाठी तयार झालेला 'आकार' हा मराठी अभ्यासक्रम हाताशी आहे, तो सीमेपलीकडे वापरायला बंदी नाही. बढतीच्या ५० टक्के जागांची यादी दरवर्षी तालुक्याच्या फलकावर लागावी. किती जागा भरल्या आणि किती मदतनीस शिक्षणाअभावी मागे राहिल्या, हे त्यात दिसावं. जुन्या मदतनिसांना दहावी-बारावीसाठी ठरावीक मुदत आणि फी द्यावी. ट्रॅकरमध्ये 'आज वर्ग कुणी घेतला' हा एक रकाना वाढवावा. एवढ्या एका रकान्यानं वर्षभरात देशाला कळेल की पूर्वप्राथमिक शिक्षण नक्की कोण देतंय.

शेवटची गोष्ट संघटनांसाठी. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी पन्नासहून जास्त दिवस संप केला. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधसमोर अधिवेशनाच्या थंडीत बसणाऱ्या बायकांमध्येही मदतनीस असतात. रजा त्याही घालवतात, मानधन त्यांचंही कापलं जातं. पुढच्या मागणीपत्रात सेविकेचा आकडा लिहिताना त्याच्या शेजारी मदतनीसचा आकडा किती टक्के, हेही लिहिलेलं असावं. गुजरातच्या खंडपीठानं ८२ हा आकडा दिलेला आहे. ५० वर गप्प बसायचं कारण आता कुणालाच उरलेलं नाही.